कोवळं ऊन आणि ‘ड’ जीवनसत्त्व

गरोदर बाईला सकाळच्या कोवळ्या उन्हात बसायला सांगणाऱ्या आजीच्या मनात माया असते, पण त्या उन्हात ‘ड’ जीवनसत्त्व फारसं नसतं. त्वचेत ते तयार होतं यूव्हीबी या अतिनील किरणांमुळे. सूर्य खाली असताना हे किरण वातावरणातून तिरपे येतात आणि बहुतेक वाटेतच शोषले जातात. आपली सावली आपल्या उंचीहून लांब असेल, तर ते ऊन या कामाचं नाही. कामाचं ऊन साधारण दहा ते तीनमधलं, म्हणजे आपण टाळतो तेच. आणि विदर्भातल्या मे महिन्यात गरोदर बाईनं ते टाळावंच. गॅलरीला काच लावली असेल तर यूव्हीबी आत येतच नाही. सावळ्या त्वचेतलं मेलॅनिनही हे किरण अडवतं, त्यामुळे आपल्याकडच्या बायकांना गोऱ्या बाईपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं.

श्रीनगरात डॉक्टर असलेल्या कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली पडदापद्धत आणि मातृत्व यांवर पुस्तक लिहिलं. त्यांच्याकडे येणाऱ्या बायकांची हाडं मऊ पडलेली असायची. बाळ ज्या हाडांच्या कमानीतून बाहेर येतं, तीच दबून अरुंद व्हायची आणि मूल अडायचं. घरात कोंडलेल्या बायकांना हा आजार व्हायचा. उघड्यावर राबणाऱ्या गरीब बायका मात्र त्यातून सुटायच्या. दोष उजेडाच्या अभावाचा, असं व्हॉन यांचं म्हणणं होतं.

पडदा गेला, पण कमतरता राहिली. लखनौच्या डॉक्टरांनी २००५ साली २०७ गरोदर स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांनी ठरवलेल्या पातळीच्या खाली ८४ टक्के जणी होत्या. शहर आणि खेडं यांत जवळपास फरक नव्हता! खेड्यातली बाई उन्हात जाते हे खरं, पण डोक्यावर पदर आणि अंगभर कपडे असले की उघडी त्वचा उरते किती? नाळेच्या रक्तातली पातळीही आईच्या पातळीच्या मागोमाग जाताना दिसली. बाळ जन्माला येतं ते आईकडची शिल्लक घेऊन, आणि ती काही आठवड्यांतच आटते. आईच्या दुधात बाकी सगळं असलं तरी ‘ड’ अगदी थोडं असतं. म्हणून बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगतात. कमतरता तीव्र असेल तर बाळाच्या रक्तातलं कॅल्शियम घसरून झटके येऊ शकतात.

मग सगळ्याच गरोदर बायकांना भरपूर ‘ड’ द्यावं का? इथे तज्ज्ञांचं एकमत नाही. ढाक्यात सुमारे १३०० जणींवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला २८,००० युनिटपर्यंत देऊनही वर्षाच्या बाळांच्या उंचीत फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटना सरसकट गोळ्यांची शिफारस करत नाही. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं मात्र २०२४ साली गरोदरपणात ‘ड’ द्यावं असं सुचवलं, आणि त्यासाठी सरसकट रक्त तपासत बसू नये असंही. मला आपल्या सरकारी योजनेचा मधला मार्ग पटतो. ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ‘ड’ असलेली गोळी दिवसातून दोनदा, चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत. रोजची गरज ६०० युनिटची धरतात, तिच्या बरीच जवळ ही मात्रा जाते. उरलेल्यासाठी अंड्याचा बलक, कोकणात बांगडा-तारली, शाकाहारी घरात ‘प्लस एफ’ खूण असलेलं दूध.

औषधाच्या दुकानात सहज मिळणारी ६०,००० युनिटची पुडी मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये. आठवड्याची पुडी चुकून रोज घेतल्यानं रक्तातलं कॅल्शियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढल्याची उदाहरणं आहेत.

सरकारी गोळीचं एक पथ्य घाईच्या तपासणीत सांगायचं राहून जातं. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर घ्यायची, आणि लोहाची गोळी तिच्यासोबत नाही. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही.