कमी पाण्यात बारा महिने फुलणारा ‘युफोर्बिया’; लावा, पण चिकापासून डोळे सांभाळा

उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीच ओढाताण, तिथं फुलझाडांना कुठून घालणार? म्हणूनच काटेरी खोडाचं, लाल-गुलाबी फुलांचं युफोर्बियाचं झाड आता गावोगाव अंगणात दिसू लागलंय. बरेच जण याला कॅक्टस समजतात. पण हे एरंड आणि शेराच्या कुळातलं, मूळचं मादागास्कर बेटावरचं. खोडात पाणी साठवतं, म्हणून ताण सोसतं. आपण पाकळ्या म्हणतो ती रंगीत पानं असतात, खरं फूल मधोमध बारीक असतं.

लागवड कशी करायची?

रोप विकत घ्यायची गरज नाही. शेजाऱ्याकडून 3-4 इंचाची फांदी आणा. कापलेलं टोक पाण्यात बुडवलं की चीक थांबतो. मग फांदी 3-4 दिवस सावलीत सुकू द्या. इथंच लोक घाई करतात अन् फांदी कुजते. भर पावसाळ्यात लावू नका. साधारण महिना-दीड महिन्यात मुळं धरतात.

माती आणि पाणी

नुसती काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते. निम्मी माती, निम्मी जाडी वाळू किंवा विटांचा चुरा आणि मूठभर कुजलेलं शेणखत घ्या. कुंडीला खाली भोक हवंच. माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी घाला. हे झाड पाण्यावाचून कमी, जास्त पाण्यानंच जास्त मरतं. रोज 5-6 तास ऊन मिळालं तर फुलं भरपूर येतात, सावलीत नुसती पानं वाढतात.

चिकाचं काय?

गेल्या वर्षी छाटणी करताना मी घाम पुसायला तोच हात डोळ्याला लावला. रात्रभर आग, दोन दिवस डोळा उघडेना. शेराच्या चिकासारखाच हा चीकही डोळ्याला घातक आहे. छाटणीला हातमोजे आणि चष्मा वापरा, नंतर हात साबणाने धुवा. चीक डोळ्यात गेलाच तर चोळू नका. 15-20 मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दूध, मध, तूप असलं काही घालू नका. पोटात गेल्यास उलट्या-जुलाब होतात.

त्यामुळे कुंडी लहान लेकरं आणि शेळ्या-करडांपासून लांब, उंचावर ठेवा. एवढं पाळलं तर दुष्काळातही अंगण फुललेलं राहील.