रोपे शेवटी येतात: बागरचनेच्या व्यवसायाबद्दलचे गैरसमज

बागरचनाकार म्हणजे शिकलेला माळी, हा या व्यवसायाबद्दलचा सर्वात जुना गैरसमज. माळी झाड वाढवतो, रोपवाटिका ते विकते. पाणी कुठून वाहील, माणसे कुठून चालतील, सावली कुठे पडेल आणि आज पिशवीत असलेले रोप पाच वर्षांनी किती रुंद झालेले असेल, हे बागरचनाकार ठरवतो. नवख्याच्या पहिल्या आराखड्यात बहुधा झाडांची यादीच असते. मुरलेल्या माणसाच्या आराखड्यात आधी उतार, निचरा, पायवाट आणि नळाची जागा येते. रोपे सगळ्यात शेवटी.

झाडांची आवड असली की पुरे, असेही मानले जाते. पुण्यातल्या एखाद्या बैठ्या घराची 10 फुटी भिंत आणि तिच्या उत्तरेची जमिनीची पट्टी घ्यावी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण 48 अंशांवर असतो, तेव्हा भिंतीची सावली 9 फुटांपर्यंत पसरते. मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे हिवाळ्यात गारठलेली तीच पट्टी ऐन मेमध्ये उन्हात उघडी पडते. जानेवारीत जागा पाहून तिथे नेचे लावले, तर उन्हाळ्यात ते करपतात आणि खापर माळ्यावर फुटते.

मातीचेही तसेच. देशावरच्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. तिच्यावर नुसती फरशी टाकली की वर्षा-दोन वर्षांत फरशी उचलली जाते. कोकणात जांभ्यावर मातीचा थर इतका पातळ असतो की खड्ड्यासाठी पहार लागते. दोन्हीकडे चाचणी एकच: फूटभर खोल खड्डा करावा, पाण्याने भरावा, पाणी मुरले की पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले दिसले, तर झाड निवडण्याआधी निचऱ्याची सोय करावी लागते.

पदवीशिवाय या क्षेत्रात येता येत नाही, हे अर्धसत्य आहे. 1972 च्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद नोंदणी केलेल्यांसाठी राखून ठेवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले की कायद्याचे हे बंधन बिरुदावर आहे, कामावर नाही. म्हणून नोंदणी नसताना पाटीवर नुसते ‘आर्किटेक्ट’ लिहिता येत नाही, पण ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ला कायद्यानेच या बंधनातून वगळले आहे, आणि घरगुती बागेची रचनाही करून देता येते. मोठ्या प्रकल्पांकडे वळायचे असेल, तर वास्तुकलेच्या पदवीनंतर दिल्लीचे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचे सेप्ट किंवा पुण्याचे भानुबेन नानावटी महाविद्यालय असे पर्याय आहेत. राहुरी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांचा रस्ता वेगळा, उद्यानविद्येचा. दोन्हींत फट राहते: उद्यानविद्येचा पदवीधर झाड ओळखतो पण जमिनीची पातळी काढताना अडखळतो, आणि वास्तुविशारदाच्या सुबक नकाशावर तगर आणि अनंत एकाच हिरव्या गोलाने दाखवलेले असतात. चंदीगडचे रॉक गार्डन उभारणारे नेकचंद रस्ते निरीक्षक होते, हे खरे. पण त्यांच्यावरून नियम काढू नये.

संगणकावर त्रिमितीय चित्रे काढता आली पाहिजेत, असा समज क्लासवाल्यांनी पसरवला आहे. ग्राहकाला ती आवडतात, पण बाग उभी राहते ती मापात काढलेल्या साध्या नकाशावर. बिल्डरने दिलेला नकाशा आणि जागेवरची टेप सहसा जुळत नाहीत, म्हणून माप स्वतः घ्यावे. दोन टोकांची पातळी गवंड्याच्या पाण्याच्या नळीनेही कळते. मग हिशेब. 1000 चौरस फुटांवर फूटभर माती म्हणजे 1000 घनफूट, अर्थात 10 ब्रास. माती दबून बसते, त्यामुळे मागवायची त्याहून जास्त. हा आकडा चुकला की कोटेशन चुकते, आणि नवख्याचे पहिले नुकसान बहुधा इथेच होते.

गच्चीवर सगळे चालते, हा गैरसमज मात्र धोक्याचा. वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानक 875 मध्ये चल भार चौरस मीटरला सुमारे 150 किलो धरला आहे. फूटभर ओल्या मातीचे वजन त्याच क्षेत्रावर 500 किलोंच्या आसपास जाते. हलके मिश्रण आणि तुळयांवर येणाऱ्या कुंड्या हे उपाय आहेतच. तरी संरचना अभियंत्याच्या लेखी होकाराशिवाय गच्चीचे काम घेऊ नये.

हिरवळ स्वस्त पडते, असे ग्राहकाला वाटते. 100 चौरस मीटर हिरवळीला उन्हाळ्यात रोज 5 मिलिमीटर पाणी धरले, तरी ते 500 लिटर होते. देशी झाडांना काही करावे लागत नाही, हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आणि अस्सल देशी झाड आहे. पण त्याची मूळची जागा ओढ्याकाठची. मुरमाड टेकडीवर पाण्याविना ते खुरटते.

डिझाइन फुकट द्यावे आणि झाडांत पैसे काढावेत, ही बाजारात रुळलेली रीत. उरुळी कांचनच्या किंवा आंध्रातल्या राजमुंद्रीच्या रोपवाटिकांतून माल आणून त्यावर नफा घेण्यात गैर काही नाही. पण आराखड्याची फी वेगळी नसली, की जास्त झाडे खपवण्याकडे हात आपोआप वळतो आणि बाग दाटते. कराच्या दृष्टीनेही या बाबी वेगळ्या आहेत: जिवंत रोपांवर जीएसटी नाही, आराखड्याच्या सेवेवर 18 टक्के आहे, केवळ सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाची उलाढाल 20 लाखांपुढे गेल्यावर नोंदणी लागते.

लागवड संपली की काम संपले, असे धरून करार केला जातो. लागवडीची घाई जूनमध्ये असते, पण कुठे पाणी तुंबते ते जुलैत दिसते आणि कोणते रोप तगले ते पुढच्या मेमध्ये. म्हणून मेलेली रोपे कोण बदलणार, पाणी कोण घालणार आणि छाटणी कधी करायची, हे पहिल्या वर्षापुरते तरी करारात लिहून घेतले जाते.