प्रमेही रुग्णाचे पोषण आणि वृक्करक्षण

मधुमेहाच्या रुग्णास वृक्कविकार जडला की त्याच्या ताटातील एकेक पदार्थ कमी होऊ लागतो. साखर, भात व बटाटा पूर्वीच वर्ज्य झालेले असतात. क्रिएटिनिन किंचित वाढल्याचे कळताच डाळ बंद होते, पोटॅशियमच्या भीतीने फळे जातात, सूज दिसली की दूधही जाते. यातील प्रत्येक सल्ल्यामागे काही ना काही कारण असते. परंतु सर्व सल्ले एकत्र केले असता रुग्णाच्या वाट्यास काय उरते, याची बेरीज सहसा कोणी करीत नाही. प्रस्तुत लेखात याच बेरजेचा विचार करावयाचा आहे.

आमच्या चिकित्सालयातील एक अनुभव येथे नमूद करणे आवश्यक वाटते. ५८ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक अनेक वर्षे मधुमेहासाठी आमच्याकडे येत असत. सहा महिन्यांत त्यांचे वजन ६४ किलोवरून ५५ किलोवर आले, उपाशीपोटीची साखर उतरली आणि इन्सुलिनची मात्राही कमी करावी लागली. पथ्य उत्तम पाळले म्हणून आम्ही त्यांचे कौतुक केले. क्रिएटिनिन १.३ होते, ते फारसे चिंताजनक वाटले नाही. पुढे दंडाचे स्नायू ओसरलेले दिसले, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा लघवीतील अल्ब्युमिन व सिस्टॅटिन-सी या तपासण्या करविल्या. वृक्कांची गाळणक्षमता आम्ही समजत होतो त्याहून बरीच खालावलेली होती. ज्यास आम्ही सुधारणा म्हणत होतो तो धातुक्षय होता. ही चूक आमची होती.

अशी चूक कशी होते?

क्रिएटिनिन मुख्यत्वे स्नायूंपासून निर्माण होते. स्नायू क्षीण झाले की ते कमी तयार होते आणि वृक्क बिघडलेले असूनही अहवालातील आकडा बरा दिसतो. त्यावरून काढलेला ई-जीएफआरही अशा रुग्णात फसवा ठरतो. कृश रुग्णात शक्य असल्यास सिस्टॅटिन-सी पाहावे, हे यासाठीच.

दुसरी गोष्ट साखरेची. शरीरातील इन्सुलिनचा निचरा करण्यात वृक्कांचा मोठा वाटा असतो. वृक्कशक्ती घटली की इन्सुलिन अधिक काळ टिकते, आहारही घटलेला असतो, म्हणून साखर उतरते. रुग्ण व वैद्य दोघेही मधुमेह आटोक्यात आला असे समजतात. विशेषतः सल्फोनिलयुरिया वर्गाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असता हीच स्थिती रात्री-अपरात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्यास कारण होते. कारणावाचून साखर कमी होऊ लागल्यास प्रथम वृक्कांची तपासणी करावी. पांडुता असलेल्या वृक्करुग्णात एचबीए१सी हा आकडाही भरवशाचा राहत नाही.

तिसरी गोष्ट वजनाची. सुजेमुळे शरीरात साठलेले पाणी मांसक्षय झाकून टाकते. वजन स्थिर असूनही रुग्ण आतून झिजत असू शकतो. म्हणून केवळ काट्यावर विसंबू नये.

शास्त्राची भूमिका

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात प्रमेहींचे स्थूल-बलवान व कृश-दुर्बल असे दोन भेद करून पहिल्यास संशोधन व दुसऱ्यास बृंहण सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनीही सहज व अपथ्यनिमित्तज असा भेद करताना पहिला कृश, तर दुसरा बहुधा स्थूल असतो असे वर्णिले आहे. व्यवहारात मात्र आपण सर्व प्रमेहींना एकच छापील पथ्यपत्रक देतो आणि ते बहुधा स्थूल प्रमेहीसाठीच तयार केलेले असते. शिवाय आज स्थूल असलेला रुग्ण दहा वर्षांनी वृक्कविकारामुळे कृश होऊन येतो. पत्रक तेच राहते. वायू ओजास बस्तीकडे नेतो, हे मधुमेहाच्या संप्राप्तीचे वर्णन लघवीवाटे अल्ब्युमिन जाणाऱ्या रुग्णासमोर आठवल्यावाचून राहत नाही. या दोन्ही गोष्टी एकच आहेत असा आमचा दावा नाही. परंतु ज्याचे सार बाहेर जात आहे त्यास लंघन घडवू नये, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

प्रथिने किती द्यावीत?

अतिरिक्त प्रथिनांनी वृक्कांवर भार पडतो हे खरे. म्हणून मांसाहाराचा अतिरेक व प्रथिनांची पावडर टाळावी. परंतु डायलिसिस चालू नसलेल्या मधुमेही वृक्करुग्णास प्रतिदिनी वजनाच्या दर किलोस सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. ६० किलोच्या व्यक्तीस हे ४८ ग्रॅम होतात. ज्वारीच्या तीन भाकऱ्यांतून साधारण १५ ग्रॅम, दोन वाट्या मुगाच्या वरणातून १४, दूध व दह्यातून ८, एका अंड्यातून ६ व भाजीभातातून ५ ग्रॅम, अशी ही गोळाबेरीज होते. म्हणजे डाळ बंद केल्यास हा आकडा गाठणेच कठीण. डायलिसिस सुरू झाल्यावर तर ही गरज दर किलोस १ ते १.२ ग्रॅमपर्यंत वाढते. तरी अनेक रुग्ण जुनेच पथ्य पाळत राहतात.

प्रथिनांइतकेच महत्त्व एकूण ऊर्जेस आहे. दर किलोस २५ ते ३५ कॅलरी मिळाल्या नाहीत तर खाल्लेली प्रथिने इंधन म्हणून जळून जातात व स्नायूही त्यामागोमाग जातात. मोजून दिलेला भात किंवा चमचाभर तेल येथे शत्रू नाही.

मीठ, क्षार व औषधविक्री

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावे. सैंधव पथ्यकर म्हणून मुक्तहस्ते वापरण्याची प्रथा आहे. परंतु सैंधवही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच होय, त्यामुळे ते याच मर्यादेत मोजावे. पापड, लोणचे, सुकी मासळी व लवणयुक्त चूर्णे यांचाही हिशेब त्यातच धरावा.

पोटॅशियमचे बंधन सरसकट घालू नये. रक्तातील पातळी पाहूनच घालावे. पातळी वाढलेली असल्यास शहाळे टाळावे, भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्यावे. कमरखाचे फळ मात्र प्रत्येक वृक्करुग्णास निक्षून वर्ज्य सांगावे. त्यातील विषद्रव्य वृक्कांवाटे बाहेर न पडल्याने मेंदूवर परिणाम होतो.

औषधविक्रेत्या बंधूंची जबाबदारी येथे मोठी आहे. ‘लो सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. ते वृक्करुग्णाच्या हाती पडू नये. यवक्षारादी क्षारकल्प रक्तातील पोटॅशियमचा अहवाल पाहिल्यावाचून देऊ नयेत. आसवारिष्टे व अवलेह यांतील गूळ-साखरेची कल्पना ग्राहकास द्यावी. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मागणाऱ्या मधुमेहीस वृक्कांविषयी एक प्रश्न विचारला, तरी मोठी हानी टळू शकते.

चिकित्सालयात काय करावे?

प्रत्येक मधुमेहीची लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर व ई-जीएफआर ही तपासणी वर्षातून एकदा करावी. गुणोत्तर ३० मिग्रॅ प्रति ग्रॅम वा अधिक राहिल्यास सावध व्हावे. प्रत्येक भेटीत वजन, पायावरील सूज व दंडाचा घेर एकाच कागदावर नोंदवावा. तीन महिन्यांत ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन प्रयत्नांवाचून घटल्यास त्यास यश न मानता धोक्याची सूचना मानावी. सीरम अल्ब्युमिन पाहावे. मात्र ते दाहामुळे व लघवीवाटे होणाऱ्या ऱ्हासानेही घटते हे ध्यानी ठेवावे. रुग्णास नवे पथ्य सांगण्यापूर्वी काल दिवसभरात काय खाल्ले ते विचारावे, आणि एक पदार्थ काढताना त्याच्या जागी दुसरा कोणता द्यावयाचा तेही लिहून द्यावे. ई-जीएफआर ३० च्या खाली गेल्यास वृक्कविकारतज्ज्ञाचे साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नये.

उपरोक्त शिक्षकांना आम्ही वरण, दही व मोजका भात पुन्हा सुरू केला आणि तज्ज्ञांकडेही पाठविले. वृक्कांची झालेली हानी भरून आली नाही. परंतु वजन ५८ किलोवर स्थिरावले व जिना चढण्याइतके बल परत आले. ही नोंद सहा महिने आधी केली असती तर अधिक काही वाचविता आले असते, ही खंत आमच्या मनात आहे. वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या दप्तरातील कृश प्रमेहींची पत्रके एकदा पुन्हा काढून पाहावीत, ही नम्र विनंती.