सिंहासनाशेजारी (भाग ९) : कॅथरीनने जागा सोडली नाही

ब्रगांझाची कॅथरीन पोर्ट्समथला उतरली, तिथे गेल्या आठवड्यात आपण थांबलो होतो. या वेळी तिच्या चहाबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, पण चहा एक आठवडा पुढे ढकलतो. बोरिवलीच्या एका वाचकांनी पत्रातून दोन प्रश्न विचारले आहेत आणि ते सोडून पुढे जाणं योग्य नाही. मुंबई जिच्या हुंड्यात गेली, त्या राणीला मुंबईतून काय मिळालं? आणि जिला मूल झालं नाही, जिचा नवरा कधी तिचा राहिला नाही, त्या राणीवर इतके भाग का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे : काहीही मिळालं नाही. १६६१ च्या लग्नाच्या तहाप्रमाणे मुंबईचं बंदर आणि बेट तिच्या नवऱ्याला, म्हणजे इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला, आणि त्याच्या वारसांना मिळालं, राणीला नाही. तिच्या नावाने ठरली ती वर्षाला ३० हजार पौंडांची नेमणूक, आणि तिचा कॅथलिक धर्म व स्वतंत्र प्रार्थनागृह सांभाळण्याची हमी. शिवाय दिलं गेलं ते बेट नेमकं कुठवर, यावरच वाद झाला. इंग्रजांना साष्टीही हवी होती. पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनियु द मेलु इ कास्त्रू तर मुंबईसुद्धा सोडायला तयार नव्हता. इंग्रज तिथे बसले तर हिंदुस्थान हातचा जाईल, असं त्याने आपल्या राजाला बजावलं होतं. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहतच १६६४ मध्ये वारला, त्याचे बहुतेक सैनिकही तिथेच गेले. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुकने बेट ताब्यात घेतलं आणि तीनच वर्षांनी राजाने ते वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. पत्रलेखकांचं बोरिवली साष्टीत येतं. म्हणजे ते या हुंड्यात कधी गेलंच नाही. मराठ्यांची वसई मोहीम होईपर्यंत ते पोर्तुगीजांकडेच राहिलं.

दुसरा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि त्याचं उत्तर लग्न कोणी आणि कशासाठी लावलं यात शोधावं लागतं. राणीचं यश तिच्या पाळण्यावरून मोजायची सवय इतिहासकारांनाही आहे, कारण ते सासरच्या दरबारातून पाहतात. हे लग्न माहेरून पाहायला हवं. कॅथरीन १६३८ मध्ये विला विसोझाला जन्मली, तेव्हा पोर्तुगालवर स्पेनच्या राजाची सत्ता होती. १६४० च्या डिसेंबरात लिस्बनमध्ये उठाव झाला आणि तिचे वडील चौथा जॉन म्हणून गादीवर बसले. पण स्पेनने ती गादी मानली नाही आणि रोमनेही मान्यता दिली नाही. १६५९ मध्ये फ्रान्सने स्पेनशी तह करताना पोर्तुगालला मदत न करण्याचं वचन दिलं. वडील वारले होते, भाऊ अफोन्सो राज्य चालवण्याजोगा नव्हता आणि कारभार आई लुईझाच्या हाती होता. या बाईने टँजिअर, मुंबई, ब्राझील आणि पूर्वेकडच्या व्यापाराच्या सवलती आणि २० लाख क्रुझादो एवढं सगळं मोजलं, ते मुलीला थाटाची गादी मिळावी म्हणून नव्हे. तिला इंग्लंडची जहाजं आणि सैनिक हवे होते आणि ते आले. त्यांतले कित्येक जण पूर्वी क्रॉमवेलच्या फौजेत लढलेले होते. जून १६६५ मध्ये स्पॅनिश सैन्याने विला विसोझालाच वेढा घातला. तो उठवायला निघालेल्या पोर्तुगीज सैन्याने जवळच माँतेश क्लारुश इथे स्पॅनिशांचा निर्णायक पराभव केला, आणि त्या सैन्यात हे इंग्रजही होते. पुढे १६६८ मध्ये स्पेनने पोर्तुगालचं स्वातंत्र्य मान्य केलं. त्या तहात मध्यस्थी केली ती अर्ल ऑफ सँडविचने, म्हणजे कॅथरीनला लिस्बनहून घेऊन येणाऱ्या आरमाराच्या प्रमुखानेच. ज्यासाठी मुलगी दिली ते काम सहा वर्षांत पुरं झालं होतं.

यावर कोणी म्हणेल की हे यश तहाचं आणि सैनिकांचं, राणीने त्यात काय केलं? फ्रान्सही वचन मोडून आतून मदत करत होताच. आक्षेप रास्त आहे, पण तह कागदावर टिकत नसतो. लग्नातून जन्मलेला तह लग्नाबरोबर मोडू शकतो, आणि हे लग्न पहिल्याच उन्हाळ्यात मोडायला आलं होतं. चार्ल्सने आपली प्रेयसी बार्बरा पामर हिला राणीच्या खाशा दालनातल्या मानकरणींमध्ये नेमायचं ठरवलं. कॅथरीनने यादीतलं ते नाव खोडलं. हॅम्प्टन कोर्टच्या दरबारात ती बाई अचानक समोर आणली गेली, तेव्हा राणीच्या नाकातून रक्त वाहिलं आणि ती शुद्ध हरपून पडली. राजाने तिच्या बहुतेक पोर्तुगीज बायका परत पाठवल्या आणि समजूत घालायला चॅन्सेलर क्लॅरेंडनला धाडलं. माहेरी परत जाण्याची भाषा तिच्या तोंडी आली होती. तेव्हा लिस्बनवर स्पेनची तलवार टांगलेली होती आणि हुंड्यातली निम्मी रक्कम अजून यायची होती. जी आली तीही बरीचशी साखरेच्या रूपात. अशा वेळी राणी परत गेली असती, तर चार्ल्सला तह सैल करायला दुसरं निमित्त लागलं नसतं. काही आठवड्यांनी कॅथरीनने विरोध सोडला आणि बार्बराशी सर्वांदेखत सौजन्याने वागायला सुरुवात केली. क्लॅरेंडनला ती माघार वाटली. मला तो हिशोब वाटतो : मानाचा मुद्दा सोडून तिने जागा राखली.

पण तिच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता, मग याला निर्णय कसं म्हणायचं, असाही आक्षेप घेतला जातो. त्याला तिच्याच घरातलं उदाहरण उत्तर देतं. तिची भावजय, अफोन्सोची फ्रेंच राणी मारी फ्रान्स्वाझ, नोव्हेंबर १६६७ मध्ये राजवाडा सोडून मठात गेली. लग्न कधी पूर्णत्वाला गेलंच नाही असं सांगून तिने ते रद्द करवून घेतलं आणि १६६८ च्या वसंतात धाकटा दीर पेद्रो याच्याशी लग्न केलं. तेव्हा पेद्रोने राज्यकारभार हाती घेतलेला होता. मार्ग होते, आणि कॅथरीनसमोर तर ते इतरांनीच आणून ठेवले. तिचे गर्भ टिकत नव्हते. राजाची अनौरस मुलं मात्र वाढत होती. राणीने मठात जावं, म्हणजे राजा मोकळा होईल, अशी कुजबुज दरबारात चालली होती. १६७० मध्ये लॉर्ड रूस या उमरावाला घटस्फोटानंतर पुनर्विवाहाची मुभा देणारा कायदा पार्लमेंटपुढे आला, तेव्हा चार्ल्स स्वतः लॉर्ड्सच्या सभेत जाऊन बसत असे. त्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. कॅथरीन मठात गेली नाही.

खरी कसोटी १६७८ मध्ये आली. टायटस ओट्सने कॅथलिकांच्या कटाची बनावट कथा उभी केली आणि नोव्हेंबरात राणीवरच राजाला विष देण्याच्या बेताचा आरोप ठेवला. न्यायाधीश गॉडफ्रीचा खून राणीच्या सॉमरसेट हाउसमध्ये झाला, असं बेडलो नावाच्या साक्षीदाराने सांगितलं. तिचा वैद्य जॉर्ज वेकमन याच्यावर खटला चालला, पण जुलै १६७९ मध्ये तो निर्दोष सुटला. त्या दोन-तीन वर्षांत याहून थोड्या पुराव्यावर माणसं फासावर गेली होती. तिला चार्ल्सने वाचवलं, तिने काही केलं नाही, असं इथे म्हणता येईल. चार्ल्सने तिला ठामपणे वाचवलं हे खरं आहे आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण ज्या बाईला सोडण्याचा फायदा त्याला इतका उघड होता, तिच्यासाठी तो का उभा राहिला? नोव्हेंबर १६८० मध्ये राजाच्या कॅथलिक भावाला वारसाहक्कातून वगळणारं विधेयक लॉर्ड्सनी फेटाळलं, तेव्हा विरोधकांचा पुढारी शाफ्ट्सबरी याने थेट घटस्फोटाचाच मार्ग सुचवला : राजाने प्रॉटेस्टंट राणी करावी, मुलगा व्हावा, प्रश्न मिटावा. चार्ल्सने तेही नाकारलं. सोळा-सतरा वर्षं ती ज्या रीतीने वागली, त्यातूनच हा विश्वास उभा राहिला होता असं मी मानतो. तिने दरबारात स्वतःचा गट उभारला नाही आणि आपला धर्म लपवलाही नाही. म्हणून ओट्सची गोष्ट इतरांच्या बाबतीत चिकटली तशी तिला चिकटली नाही.

राज्य करण्याची तिची पात्रता किती होती, हे इंग्लंडने कधी तपासलंच नाही, पण पोर्तुगालने ते पाहिलं. १६८५ मध्ये ती विधवा झाली, १६९२ मध्ये इंग्लंडमधून निघाली आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी लिस्बनला पोचली. १७०४ मध्ये पेद्रो स्पेनविरुद्धच्या मोहिमेवर गेला तेव्हा आणि पुढे तो आजारी पडला तेव्हा वयाच्या पासष्टीनंतर राज्याचा कारभार तिने सांभाळला. त्या काळात पोर्तुगीज सैन्याने सरहद्दीवरची स्पॅनिश ठाणी घेतली. १७०५ च्या अखेरीस ती वारली. म्हणून पत्रलेखकांना माझं उत्तर असं : राजघराण्याच्या लग्नातल्या राणीला वारस देणं हे एक काम असतं आणि तह जिवंत ठेवणं हे दुसरं. पहिलं तिच्या हातात नव्हतं. दुसरं होतं, आणि ते तिने तेवीस वर्षं पार पाडलं. पुढच्या आठवड्यात चहा नक्की. कॅथरीन यायच्या आधीच, १६५८ मध्ये, लंडनमध्ये त्याची जाहिरात छापली जात होती. मग त्याचं श्रेय तिच्याकडे कसं आलं, तिथून सुरुवात करू.