घडणावळ आणि घट

वायां गेलेल्या पैशांचा विषय निघाला म्हणजे सुशिक्षित घरांतून बहुधा एकच यादी ऐकूं येते. कोणी तपकिरीचा, कोणी हॉटेलांतील चहाचा, कोणी न वाचतां कपाटांत पडलेल्या ग्रंथसंचांचा, तर कोणी दोन हप्ते भरून सोडून दिलेल्या विम्याचा उल्लेख करतो. या यादींत सोन्याच्या दागिन्यांचें नांव मात्र आम्हांस क्वचितच आढळलें. "सोन्यांत घातलेला पैसा जातो कोठें?" हें वाक्य आमच्या घरांतून इतकें रूढ झालें आहे कीं, तें तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाहीं. सोनें कोठें जात नाहीं हें खरें. पण सोन्याबरोबर मोजलेला पैसा कोठें जातो, हा प्रश्न निराळा आहे, व तोच आज आम्ही वाचकांपुढें, विशेषतः वाचकभगिनींपुढें, मांडूं इच्छितों.

दागिन्याच्या किंमतींत सोन्याचें मोल, घडणावळ आणि सरकारी कर असे तीन अंश असतात. समजा, एका गोफांत एक लाख रुपयांचें सोनें आहे. घडणावळ शेकडा 15 धरली तर ती 15,000 रुपये झाली. या एकंदर 1,15,000 रुपयांवर वस्तु व सेवा कर शेकडा 3 प्रमाणें 3,450 रुपये. पेढीवर मोजून दिले 1,18,450 रुपये. दुसऱ्याच दिवशीं तो गोफ मोडींत घातला, तर सोनारानें उदारपणें पूर्ण वजन व पूर्ण कस धरला तरी हातीं एक लाखच येणार. पुढें तऱ्हा जुनी झाली म्हणून गोफाचा चपलाहार केला, आणि सुनेच्या आवडीसाठीं चपलाहाराचा नेकलेस केला, तर सोन्याचा भाव मुळींच हलला नाहीं असें गृहीत धरूनहि, तेंच सोनें तीनदां घडविण्यांत 55,350 रुपये खर्ची पडले. म्हणजे मूळ सोन्याच्या निम्म्याहून अधिक! शिवाय आटणींतील घट, डाकाचें हलकें सोनें, खड्यांचें वजन, पोकळ गोठांत भरलेली लाख, यांची वजावट होते ती वेगळीच.

हें नुकसान डोळ्यांवर येत नाहीं याचें कारण भाववाढ. वीस वर्षांपूर्वींचा दागिना मोडला कीं त्या वेळच्या खरेदीहून कितीतरी अधिक रुपये कागदावर दिसतात, आणि गृहिणी समाधानानें घरीं येते. पण भाव वाढला तो सोन्याचा. त्याचा लाभ तो दागिना न मोडतांहि तिचाच होता. दुसरें असें कीं, जुने सोनार घडणावळ तोळ्यामागें अमुक रुपये अशी सांगत. आतां ती बहुतेक पेढ्यांवर सोन्याच्या किंमतीच्या शेकडेवारीनें आकारतात. कारागिराचे हात तेच, श्रम तेवढेच. पण भाव दुप्पट झाला कीं घडणावळहि दुप्पट. त्रैराशिक शिकलेल्या मंडळींच्या हें ध्यानांत येऊं नये, याचें आम्हांस नवल वाटतें.

वजनाच्या बाबतींतहि असाच घोटाळा आहे. आजेसासूच्या पाटल्या "पांच तोळ्यांच्या" म्हणून सांगितल्या जातात. तो तोळा बारा मासे, म्हणजे 96 गुंजांचा. आजच्या मापानें 11.66 ग्रॅमांचा. बाजारांत आज तोळा म्हणतात तो 10 ग्रॅमांचा. पांचास पांच अशा तोंडी हिशेबानें सौदा झाला तर आठ ग्रॅमांवर पाणी सोडावें लागतें. कसाचेंहि तसेंच. 1963 सालीं सुवर्णनियंत्रणाचे नियम आले, तेव्हां 14 कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. ती 1966 पर्यंत टिकली. त्या काळांतील लग्नाचा दागिना घरांत असेल तर त्यांत शेकडा 58 च्या आसपासच सोनें असण्याचा संभव आहे. त्यास बावनकशी समजून पेढीवर जाणारांची निराशा होते.

आमच्या परिचयाच्या एका बाईंची हकीकत सांगतों. लग्नांत त्यांच्या अंगावर पंचवीस तोळे सोनें होतें. घरांतील कार्यांच्या निमित्तानें तीन वेळां सर्व दागिने मोडून नवे झाले. दर वेळीं रोख रक्कम नको म्हणून घडणावळ सोन्यांतूनच वळती करून घेतली. पुढें यजमानांच्या शस्त्रक्रियेसाठीं पैसा उभा करण्याची वेळ आली, तेव्हां कांट्यावर सतरा तोळे भरले. "चोर आला नाहीं, दरोडा पडला नाहीं, मग माझें आठ तोळे सोनें गेलें कोठें?" असें त्यांनीं विचारलें. सोनारानें फसविलें म्हणावें, तर तिन्ही पावत्या चोख होत्या.

घडणावळ देणें हाच अपव्यय, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. कारागिराच्या हाताचें मोल दिलेंच पाहिजे. 15,000 रुपये घडणावळीच्या पाटल्या चाळीस वर्षें हातांत राहिल्या तर वर्षाचे 375 रुपये, दिवसाचा रुपयाभर पडतो. एवढ्या स्वस्तांत दुसरी कोणती शोभा मिळेल? तोच दागिना बँकेच्या लॉकरांत पडून राहिला, तर न भोगलेल्या कलेचें मोल दिलें, आणि वर लॉकरचें भाडें. व्याकरणांत ज्याचें रूप बदलत नाहीं त्यास अव्यय म्हणतात. दागिन्यासहि तीच व्याख्या लावावी. रूप बदललें कीं व्यय आलाच.

आणि तऱ्हा जुनी झाली ही सबब तरी कितपत खरी? ज्या ठुशा, वज्रटिका, चिंचपेट्या सासवांनीं "जुनाट" म्हणून आटविल्या, त्याच आज नाती लग्नांत हौसेनें मिरवितात, आणि नव्या घडणावळीनें विकत घेतात. जुनी चीज घरांत होती, हें त्यांस फोटो पाहिल्यावर कळतें!

तेव्हां मोड घालण्यापूर्वीं पावती शोधावी, खड्यांवांचून सोन्याचें निव्वळ वजन किती हें लिहून घ्यावें, 22 कॅरटांची 916 ही खूण आहे कीं नाहीं हें भिंगानें पाहावें. जून 2021 पासून हॉलमार्कची सक्ती 256 जिल्ह्यांतून सुरू झाली. त्यापूर्वींच्या दागिन्यावर ती खूण नसेल तर कस लावून घेतल्यावांचून भाव बोलूं नये. आणि पुष्कळदां मोडीचें कारणच किरकोळ असतें. पुतळ्यांच्या माळेचा दोरा तुटतो, तन्मण्याचे सर विरतात, आणि "जीर्ण झाली" म्हणून ती चीज थेट पेढीवर जाते. तिला पटवेकऱ्याकडे न्यावें. तो नवा रेशमी गोफ ओवून, गोंडा बांधून, थोडक्या मजुरींत ती परत करतो, आणि सोनें गुंजभरहि उणें होत नाहीं.