पाण्यावरची नक्षी, थेट नखांवर!

लग्नसराई आली की नेलआर्टसाठी नेरहून यवतमाळ-अमरावतीची बस पकडायलाच हवी, असं काही नाही. दोन रंगांची नेलपॉलिश, ग्लासभर पाणी आणि टूथपिक एवढ्यात ‘वॉटर मार्बल’ जमतं. नेलपॉलिश पाण्यात विरघळत नाही, वर पसरते. सगळी गंमत त्यातच. तरंगत्या रंगांची अशी नक्षी १७व्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी कागदावर उतरवली होती!

आधी नखांना पांढरा कोट देऊन वाळू द्या. आजूबाजूच्या त्वचेला व्हॅसलिन लावा, नखाला नको. डिस्पोजेबल ग्लासात साधं पाणी घ्या. माठातलं नको, गार पाण्यात पॉलिश नीट पसरत नाही. दोन्ही रंगांचे थेंब आलटून-पालटून एकाच जागी सोडा, टूथपिकने रेषा ओढा आणि नख आडवं बुडवा. पाण्यावर उरलेला थर टूथपिकने गोळा करा, मगच बोट बाहेर काढा. वाळल्यावर टॉप कोट द्या.

खरी परीक्षा आपल्या विदर्भातल्या उन्हाळ्याची. कूलरच्या हवेत थर झटकन वाळतो, नक्षी फाटते. म्हणून पंखा-कूलर बंद, खिडकी मात्र उघडी. आणि गॅसपासून लांबच बसा. पॉलिश, रिमूव्हर दोन्ही चटकन पेट घेतात.

पहिलं नख बिघडेल. बिघडू द्या की, अजून नऊ आहेत!