बांध, वाट व पाणी यांचा दावा : साक्षीपुराव्यापूर्वीचे टप्पे

वसई तालुक्यातील सांडोर हे बागाईत गाव. केळी, नागवेल, भाजीपाला व फुलझाडे यांच्या वाड्या येथे एकमेकींस लागून आहेत. वाडीस पाणी विहिरीचे किंवा बावखलाचे. आणि ही विहीर वा बावखल पुष्कळदा अनेक भाऊबंदांत सामाईक असते. पिढी बदलते, वाटण्या होतात, जमिनीचे भाव चढतात आणि पाटाची वाट व पाण्याची पाळी यांवरून तंटा उभा राहतो. तंटा लांबला तरी पीक थांबत नाही. ऐन वैशाखात आठ-दहा दिवस पाणी तुटले तर नागवेल सुकते व केळीचा घड पोसत नाही. म्हणून दिवाणी दाव्यात साक्षीपुरावा सुरू होण्यापूर्वी कोणते टप्पे येतात, हे शेतकरी बंधुभगिनींनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आधीच जाणून घ्यावे.

प्रथम कोठे जावे?

शेतीच्या विहिरीचे वा तळ्याचे पाणी, अथवा वहिवाटीची वाट कोणी बेकायदा अडविली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 अन्वये तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ती मागावयास हवी. येथे मालकीचा निर्णय होत नाही. पूर्वीची वहिवाट तेवढी पाहिली जाते. मालकी, हिस्सा किंवा कायमचा हक्क ठरवावयाचा असेल तर दिवाणी न्यायालयातच जावे लागते. वादात शासन प्रतिवादी असेल, तर दाव्यापूर्वी सामान्यतः दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

कागद आधी, दावा नंतर

सातबाराचा उतारा, फेरफार, वाटणीपत्र वा खरेदीखत आणि मोजणीचा नकाशा ही कागदपत्रे प्रथम जमवावीत. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यातील नोंद खरी धरली जाते, परंतु केवळ तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. दुसऱ्याच्या जमिनीतून वाट किंवा पाट नेण्याचा हक्क दीर्घ वहिवाटीने सांगावयाचा असेल, तर वीस वर्षांचा उघड, शांततेचा व अखंड वापर दाखवावा लागतो. मुदतीकडेही लक्ष असावे. मालकीच्या आधारे जमिनीचा ताबा मागण्यास साधारणपणे बारा वर्षे, तर उसने दिलेल्या पैशांच्या वसुलीस तीन वर्षे इतकीच मुदत आहे.

दावा व समन्स

दाव्याच्या अर्जात पक्षकारांची नावे, जमिनीचे वर्णन व चतुःसीमा, तंटा केव्हा व कसा उद्भवला आणि कोणती दाद हवी, हे स्पष्ट लिहावे. आपल्याजवळील कागद यादीसह जोडावेत व न्यायालय शुल्क भरावे. त्यानंतर प्रतिवादीस दाव्याच्या प्रतीसह समन्स जाते. समन्स घेण्याचे टाळणे हा आपल्याकडील जुना दोष आहे. समन्स नाकारले तरी ते बजावले गेले असे न्यायालय मानू शकते, आणि गैरहजर राहणाऱ्याविरुद्ध दावा एकतर्फी चालू शकतो.

समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिवादीने आपली कैफियत द्यावी. न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. त्यापुढील सवलत अपवादानेच मिळते. दाव्यातील जे विधान स्पष्टपणे नाकारले नाही, ते कबूल आहे असे धरले जाण्याचा संभव असतो. म्हणून ‘सर्व खोटे आहे’ एवढेच लिहून भागत नाही. प्रत्येक विधानास उत्तर द्यावे लागते.

पीक वाचविण्यासाठी तात्पुरती मनाई

निकालास वेळ लागणारच. तोवर पाणी तुटू नये किंवा बावखलात भराव पडू नये म्हणून तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज करता येतो. त्यात न्यायालय तीन गोष्टी पाहते : अर्जदाराचा हक्क सकृद्दर्शनी दिसतो काय, हुकूम न दिल्यास अधिक गैरसोय कोणाची, आणि होणारी हानी पैशाने भरून येणारी आहे काय. दुसऱ्या पक्षास न ऐकता हुकूम दिला, तर त्या अर्जाचा निर्णय तीस दिवसांत करण्याचा प्रयत्न न्यायालयाने करावा, असा नियम आहे. हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते व त्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. जागेची स्थिती समजण्यासाठी न्यायालय आयुक्त नेमून पाहणी किंवा मोजणी करविते.

मुद्दे व तडजोड

दावा व कैफियत वाचून, नेमका वाद कोठे आहे ते न्यायालय मुद्द्यांच्या रूपाने मांडते. पुढील सर्व पुरावा या मुद्द्यांभोवतीच फिरतो. तडजोडीस जागा दिसल्यास न्यायालय प्रकरण मध्यस्थी वा लोकअदालतीकडे पाठवू शकते. लोकअदालतीतील निवाड्यास हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नसते व भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. सामाईक पाण्याच्या वादात पाळीचे दिवस, पंपाचे तास व गाळ काढण्याचा खर्च लिहून ठरविता येतो. निकालाने एकाची जीत होते. चांगल्या तडजोडीने दोन्ही वाड्या हिरव्या राहतात.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

कोणाचीही बाजू घेऊ नये. पिकाची पाहणी करून तारखेसह नोंद ठेवावी. लागवड, वय, पाण्याची सोय व प्रत्यक्ष दिसलेले नुकसान एवढेच लिहावे. ज्यांस वकील देणे परवडत नाही, त्यांस तालुका विधी सेवा समितीचा रस्ता दाखवावा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले लोक मोफत साहाय्यास पात्र आहेत. स्त्रियांस उत्पन्नाची अट नाही.

पेरणीपूर्वी जमीन तयार करावी लागते, तशीच दाव्यापूर्वी कागदांची मशागत करावी लागते. ती वेळेवर केली तर न्यायाची वाट सोपी होते, आणि कित्येकदा त्या वाटेने जाण्याचीही गरज उरत नाही.